निर्णय कळतो केव्हा

बिशानमध्ये विद्यापीठ नाही. तरीही सिंगापूरच्या या उपनगरातून विद्यापीठाकडे जाणारी वाट अगदी सरळ आहे. बिशान स्थानकात सर्कल लाइनची गाडी पकडली की मध्ये कुठे न बदलता केंट रिजला उतरता येते. तिथल्या टेकडीवर नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूर, म्हणजे एनयूएस, पसरले आहे. वाटेत बोटॅनिक गार्डन्स स्थानक लागते. त्याच्या शेजारी बुकिट तिमाचा जुना परिसर आहे. या विद्यापीठाचा बराचसा इतिहास तिथेच घडला. बिशानमधल्या रॅफल्स इन्स्टिट्यूशनची अनेक मुले पुढे याच विद्यापीठात जातात. सिंगापुरात स्थिरावलेली बरीच मराठी कुटुंबेही आपल्या मुलांसाठी हीच वाट मनाशी धरून असतात. क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत एनयूएस गेली काही वर्षे आठव्या स्थानावर आहे. प्रयोगशाळा उत्तम, ग्रंथालये उत्तम, वसतिगृहे स्वच्छ, निकाल वेळेवर. ज्यांनी मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेसाठी महिनोन्‌महिने वाट पाहिली आहे, त्यांना यातल्या शेवटच्या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

या घरांतून विचारले जाणारे प्रश्नही ठरलेले असतात. प्रवेश कोणत्या शाखेला, खर्च किती, सरकारी अनुदान घेतले तर तीन वर्षे सिंगापुरात नोकरी करण्याचा करार पाळावा लागेल त्याचे काय. हे विद्यापीठ चालवते कोण, हा प्रश्न क्वचितच निघतो. पुण्यामुंबईच्या घरांतही तो निघत नाही. ‘तू अभ्यास कर, नसत्या भानगडीत पडू नकोस’ हे वाक्य दोन्हीकडे सारख्याच मायेने उच्चारले जाते. त्यातली माया खरी आहे. पण ज्या संस्थेत मुलगा किंवा मुलगी ऐन विशीत राहते, जेवते, भांडते, मैत्री करते, ती संस्था त्यांना विश्वासात घेते की नाही, यावरून सार्वजनिक आयुष्याची त्यांची पहिली कल्पना तयार होत असते. त्यामुळे हा प्रश्न भानगडीचा नाही, शिक्षणाचा आहे.

त्यासाठी एक कसोटी लावता येते. निर्णयाचा परिणाम ज्यांच्यावर होणार, त्यांना तो निर्णय अजून बदलता येण्याजोगा असताना कळतो का? अधिसभा, विद्वत परिषद, विद्यार्थी परिषद, मेस समिती ही सगळी व्यवस्था शेवटी याच एका गोष्टीसाठी उभी केलेली असते. निवडणुका झाल्या आणि निर्णय नंतरच कळला, तर व्यवस्था नापास. निवडणूक न होताही निर्णयाचा मसुदा आधी समोर आला आणि त्यावर मोकळेपणाने बोलता आले, तर निदान काही गुण द्यावे लागतील.

ही कसोटी आधी एनयूएसला लावून पाहू. 27 ऑगस्ट 2021 रोजी येल-एनयूएस कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या सकाळच्या तासिका अचानक रद्द झाल्या आणि त्यांना सांगण्यात आले की त्यांचे कॉलेज बंद होणार आहे. अमेरिकेतले येल विद्यापीठ आणि एनयूएस यांनी 2011 साली हे निवासी कॉलेज संयुक्तपणे स्थापन केले होते. पहिली तुकडी 2013 साली आली. लहान वर्ग, सगळ्यांनी एकत्र राहायचे, साहित्य, विज्ञान आणि तत्त्वज्ञान सगळ्यांनी शिकायचे, अशी त्याची रचना होती. ते एनयूएसच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात विलीन करून नवे कॉलेज काढण्याचा निर्णय वरच्या पातळीवर झालेला होता. प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना कळला तो निर्णय, प्रस्ताव नव्हे. हजारो सह्यांचे निवेदन निघाले. त्याचे शीर्षकच ‘वरून खाली निर्णय पुरे झाले’ अशा अर्थाचे होते. सप्टेंबरमध्ये संसदेत चर्चा झाली. शिक्षणमंत्री चान चुन सिंग यांनी खर्चाचा हिशेब मांडला: या कॉलेजात एका विद्यार्थ्यामागे होणारा खर्च एनयूएसमधल्या मानव्यविद्या किंवा विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या दुपटीहून अधिक होता आणि अपेक्षित देणग्याही जमल्या नव्हत्या. शेवटची तुकडी 2025 साली बाहेर पडली.

हा हिशेब खोटा होता असे म्हणायचे नाही. त्यामुळेच हे उदाहरण महत्त्वाचे ठरते. आकडे एवढे स्पष्ट होते, तर ते वर्षभर आधी प्राध्यापकांसमोर ठेवण्यात अडचण काय होती? खर्च कमी करण्याचे उपाय त्यांनी सुचवले असते. माजी विद्यार्थ्यांनी निधीसाठी धडपड केली असती. कदाचित शेवटी निर्णय तोच झाला असता. पण कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना, कठीण आकड्यांशी चार माणसे एकत्र बसून कशी झुंजतात, हे पाहायला मिळाले असते. उदार शिक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्थेत तो अभ्यासक्रमाचा सर्वांत मोलाचा भाग ठरला असता.

गंमत अशी की (आणि ही गोष्ट फारशी कोणी आठवत नाही) अमेरिकेतल्या येलच्या प्राध्यापकांनाही सुरुवातीला हीच तक्रार होती. 5 एप्रिल 2012 रोजी येल कॉलेजच्या प्राध्यापक सभेने सिंगापुरातल्या नागरी स्वातंत्र्यांविषयी चिंता व्यक्त करणारा ठराव 100 विरुद्ध 69 मतांनी मंजूर केला. तोवर करार होऊन सुमारे वर्ष झाले होते. आपल्या विद्यापीठाचे नाव दुसऱ्या देशात नेण्याचा निर्णय आपल्याला न विचारता झाला, हे त्या वादाचे एक मोठे कारण होते. म्हणजे ज्या कॉलेजचा शेवट वरून ठरला, त्याची सुरुवातही बऱ्याच अंशी तशीच ठरली होती.

सिंगापूरमध्ये वरून ठरवण्याची ही पद्धत एका दिवसात आलेली नाही. बुकिट तिमाच्या परिसरात एके काळी वातावरण वेगळे होते. 1949 साली किंग एडवर्ड सातवे वैद्यकीय महाविद्यालय आणि रॅफल्स कॉलेज एकत्र करून युनिव्हर्सिटी ऑफ मलाया स्थापन झाली. नोव्हेंबर 1960 मध्ये तिथले इंग्रजीचे प्राध्यापक आणि कवी डी. जे. एनराइट यांनी आपल्या पहिल्या जाहीर व्याख्यानात नव्या सरकारच्या सांस्कृतिक धोरणावर टीका केली. सरकारने त्यांना बोलावून खडसावले. विद्यार्थी संघटना प्राध्यापकाच्या पाठीशी उभी राहिली आणि तिने निषेधाचा ठराव केला. एनराइट पुढे जवळपास दहा वर्षे तिथेच शिकवत राहिले. 1962 साली ही संस्था युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूर झाली आणि डॉ. बी. आर. श्रीनिवासन कुलगुरू झाले. डाव्या राजकारणाचा संशय असलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश नाकारावा, असा सरकारचा आग्रह होता. प्रवेश गुणवत्तेवर द्यायचा आणि तो विद्यापीठाने द्यायचा, या भूमिकेवरून त्यांनी 1963 साली राजीनामा दिला. भारतीय वंशाचा हा डॉक्टर आज सिंगापुरातल्या भारतीयांनाही फारसा माहीत नाही. माहीत असायला हवा. विद्यापीठाची स्वायत्तता म्हणजे काय, हे त्यांनी पद सोडून दाखवले.

पुढचा क्रम सरळ उताराचा आहे. 1964 पासून प्रवेशासाठी सरकारचे ‘योग्यता प्रमाणपत्र’ आवश्यक झाले. ते 1978 पर्यंत राहिले. 1968 साली मंत्रिमंडळातलेच टो चिन च्ये कुलगुरू झाले आणि सात वर्षे दोन्ही पदे त्यांच्याकडे राहिली. 1974-75 मध्ये विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष तान वा पियाव कामगारांच्या प्रश्नात उतरले. त्यांच्यावर दंगलीचा खटला झाला, शिक्षा झाली. त्याच सुमारास कायदा बदलून विद्यार्थी संघटनेची रचना मोडण्यात आली आणि तिच्या पैशांवर विद्यापीठाची देखरेख आली. चिनी भाषेतून शिकवणारे नान्यांग विद्यापीठ सायकलरिक्षा ओढणाऱ्यांपासून व्यापाऱ्यांपर्यंत साऱ्यांच्या वर्गणीतून उभे राहिले होते. 1980 साली तेही विलीन झाले आणि एनयूएस तयार झाले. 2006 मध्ये एनयूएसला ‘स्वायत्त’ दर्जा मिळून ते कंपनी कायद्याखाली आले. त्याच्या विश्वस्त मंडळाची नेमणूक मात्र शिक्षणमंत्री करतात.

इथे कोणीही समंजस वाचक विचारील: मग बिघडले काय? वर्गणीच्या विद्यापीठापासून जगातल्या आठव्या क्रमांकापर्यंतचा प्रवास याच पद्धतीने झाला ना? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. कुशल माणसांच्या हाती अधिकार एकवटला की इमारती लवकर उभ्या राहतात, चांगले प्राध्यापक जगभरातून आणता येतात. पण या पद्धतीची किंमत वेगळ्या ठिकाणी चुकवावी लागते. एनयूएसच्या जुन्या वसतिगृहांत पुढच्या वर्षी खोली टिकवायची तर विद्यार्थ्याला खेळ, नाटक, समित्या यांतल्या सहभागाचे गुण जमवावे लागतात. त्यामुळे परिसर सतत गजबजलेला असतो आणि त्यातून उत्तम कार्यक्रम उभे राहतात, हे मान्यच करायला हवे. मात्र जिथे सहभागाचेच गुण मिळतात, तिथे असहमतीला कोणता रकाना असणार? देशाचा कायदाही या बाबतीत कडक आहे. सार्वजनिक ठिकाणी एखाद्या प्रश्नावर एकट्याने फलक धरून उभे राहायलाही परवाना लागतो, आणि स्थायी रहिवासी नसलेल्या परदेशी नागरिकांना तर बोलण्यासाठी राखलेल्या उद्यानातल्या निदर्शनांतही भाग घेता येत नाही. बिशानच्या मराठी घरातला मुलगा इथे कितीही वर्षे वाढला, तरी पासपोर्ट भारतीय असेल आणि स्थायी रहिवास नसेल तर त्याच्यासाठी ही रेषा आणखी जवळ आखलेली असते.

मे 2025 मध्ये येल-एनयूएसच्या ग्रंथालयातली शेकडो पुस्तके रद्दीच्या गाडीत भरली जात असताना विद्यार्थ्यांनी पाहिली. आम्हाला द्या, आम्ही घेऊन जातो, असे ते म्हणत होते. त्यांना ती मिळाली नाहीत. बातमी पसरल्यावर विद्यापीठाने माफी मागितली आणि उरलेली पुस्तके वाटण्याची सोय केली. एवढ्या मोठ्या विद्यापीठाच्या कारभारात ही बाब लहान होती. पण पुस्तके टाकायची आहेत, कोणाला हवीत का, एवढे विचारायला एक सूचनाफलक पुरला असता. ज्या संस्थेला मोठे निर्णय न विचारता घेण्याची सवय असते, तिला लहान निर्णयांतही विचारायचे सुचत नाही.

सिंगापूरला वाटाघाटी जमतच नाहीत असे मात्र नाही, आणि त्याचा पुरावा बिशानमध्येच आहे. आज जिथे उंच इमारती आणि मेट्रोचे जंक्शन आहे, तिथे 1870 पासून ग्वांगडाँगकडच्या स्थलांतरितांची पेक सान थेंग ही विस्तीर्ण दफनभूमी होती. 1973 साली दफन थांबले, पुढे नव्या वसाहतीसाठी सरकारने जमीन घेतली आणि लाखाहून अधिक थडगी उकरली गेली. पण सोळा संघटनांच्या महासंघाने सरकारशी बोलणी केली आणि अस्थी ठेवण्यासाठी आठ एकर जागा मिळवली. ती वास्तू आजही तिथे आहे. जमीन जाणार हे ठरले होते, तरी काय राहावे हे बोलण्यातून ठरवता आले. दफनभूमीच्या बाबतीत जे जमले, ते कॉलेजच्या बाबतीत अशक्य होते असे मानणे कठीण आहे.

आता महाराष्ट्राकडे वळू. इथे परंपरा समृद्ध आहे आणि म्हणूनच आजची स्थिती अधिक सलते.

1884 साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय निघाले. तिथे शिक्षक हेच चालक होते. वीस वर्षे सेवेची शपथ, महिना 75 रुपये वेतन, आणि कारभार आजीव सभासदांच्या मंडळाकडे. पगार किती असावा, बाहेरचे काम करावे की नाही, कोणी कोणते पद घ्यावे, सगळे तेच ठरवत. यातून भांडणे झाली आणि ती थोर माणसांची भांडणे होती. टिळक, आगरकर आणि गोखले यांच्यातले मतभेद विकोपाला गेले आणि डिसेंबर 1890 मध्ये टिळकांनी संस्था सोडली. सहकारी कारभार म्हणजे गोडीगुलाबी अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ते राजीनामापत्र जरूर वाचावे. संस्था मात्र टिकली. गोखले आणि पुढे धोंडो केशव कर्वे यांनी आपापली वीस वर्षे पुरी केली. कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हाही वर्गणी देणाऱ्या सामान्य माणसांना अधिसभा निवडण्याचा अधिकार दिला. सरकारचा पैसा नव्हता, त्यामुळे ज्यांचा पैसा त्यांना आवाज, हे त्यांना स्वाभाविक वाटले.

मुंबई विद्यापीठाची अधिसभाही निव्वळ शोभेची नव्हती. 1857 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने काही वर्षांतच देशी भाषांना उच्च परीक्षांतून बाहेर काढले होते. न्यायमूर्ती रानडे अधिसभेत वर्षानुवर्षे त्याविरुद्ध लढले. हरले, पुन्हा प्रस्ताव आणला, पुन्हा हरले. अखेर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर एम. ए. च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली. मराठी विभागात शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवण्याजोगे आहे: ती जागा सरकारी हुकमाने मिळाली नाही, सभेत मते वळवून मिळाली. या सभांची ताकद व्हाइसरॉय कर्झनला नेमकी कळली होती. 1904 च्या विद्यापीठ कायद्याने त्याने अधिसभेचा आकार कमी केला, मुंबईसारख्या जुन्या विद्यापीठांत निवडून येणाऱ्या सदस्यांची संख्या 20 वर बांधली आणि नियमांत बदल करण्याचा अधिकार सरकारकडे घेतला. कायदेमंडळात गोखल्यांनी या कायद्याला कडाडून विरोध केला. मतदानात ते हरणार हे उघड होते.

त्यानंतरच्या 120 वर्षांत राज्यकर्ते बदलले, ओढ तीच राहिली. 1989 साली मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. वर्गप्रतिनिधी (सीआर), सरचिटणीस (जीएस), विद्यापीठ प्रतिनिधी (यूआर) यांच्या निवडणुकांत पैसा आणि दंडुके आलेच होते. सरकारने गुंडगिरी थांबवण्याऐवजी निवडणुका थांबवल्या, आणि 1994 च्या कायद्याने वर्गात पहिला येणारा विद्यार्थी प्रतिनिधी झाला. हुशार मुलाला वर्गाचा विश्वास गुणपत्रिकेतून मिळतो, हे यामागचे गृहीतक. गणितात 95 मिळवणाऱ्या मुलीला मेसच्या बिलावरून रेक्टरशी भांडायची इच्छा असेलच असे नाही, आणि जिला ती असते तिला वर्गाकडे मत मागण्याची संधीच उरली नाही. एक अख्खी पिढी अशी शिकून बाहेर पडली.

2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका परत आणल्या. कागदावर. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव यांना अधिसभेत स्थान दिले. 2019 साली निवडणुका घ्यायचे ठरले, तेव्हा विधानसभेच्या निवडणुकीमुळे त्या पुढे ढकलल्या गेल्या. मग कोरोना आला. कोरोना गेल्यावरही वर्षांमागून वर्षे गेली.

विद्यार्थ्यांचा आवाज नसला की काय होते, हे 2017 साली मुंबईत दिसले. ऐन परीक्षांच्या हंगामात ठरले की सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका होत्या. आधी एका शाखेत करून पाहा, शिक्षकांना सरावाला वेळ द्या, असे प्राध्यापक सांगत होते. कल्पना वाईट नव्हती, घाई वाईट होती. निकाल महिनोन्‌महिने रखडले, परदेशी आणि परराज्यांत प्रवेश घेणाऱ्यांची वर्षे धोक्यात आली. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. विद्यापीठाच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. एकाच माणसाला घालवून प्रकरण मिटले असे मानले गेले. ज्या पद्धतीने एवढा मोठा निर्णय कोणालाही अडवता न येता पुढे गेला, ती पद्धत तशीच राहिली.

बिशानच्या मराठी पालकाला हा सगळा इतिहास वाचून वाटेल, बरे झाले आपण इथे आलो. निकाल वेळेवर लागणे ही मोठीच गोष्ट आहे. पण 2017 ची मुंबई आणि 2021 चे केंट रिज एकाच कसोटीवर नापास होतात. एका ठिकाणी अकुशल माणसांनी न विचारता निर्णय घेतला, दुसऱ्या ठिकाणी कुशल माणसांनी. अकुशलतेचे नुकसान लगेच वर्तमानपत्रात येते. दुसरे नुकसान दिसायला वेळ लागतो, कारण ते गुणपत्रिकेत उतरत नाही.

निवडणूक घेतली म्हणजे भागले, असेही नाही. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. 2023 साली ही निवडणूक ऐनवेळी स्थगित झाली. मतदारयादी नव्याने केली तेव्हा लाखो पदवीधरांच्या या विद्यापीठात सुमारे 13 हजार मतदार उरले. सप्टेंबर 2024 मध्ये मतदान दोन दिवसांवर आले असताना ते पुन्हा थांबवले गेले. उच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा 24 तारखेला मतदान झाले. दहाच्या दहा जागा युवासेनेने जिंकल्या. त्या विजयाच्या मिरवणुका निघाल्या, आणि अभ्यास मंडळे, वसतिगृहांची दुरुस्ती, परीक्षा विभागातल्या रिक्त जागा यांवर उमेदवार काय म्हणतात, हे शोधूनही सापडत नव्हते. पक्षांनी अधिसभेत येण्यात गैर काही नाही. फिरोजशहा मेहता आणि रानडे हेही राजकारणीच होते. त्यांनी अधिसभेत शिक्षणावर वाद घातला, एवढाच फरक आहे, आणि तो लहान नाही.

सत्तेच्या बाजूने पाहिले तरी चित्र तेच. डिसेंबर 2021 मध्ये तेव्हाच्या सरकारने कायद्यात दुरुस्ती करून मंत्र्याला प्रकुलपती करायचे ठरवले. पुढच्या सरकारने ती मागे घेतली. दोन्ही वेळा वाद राज्यपाल मोठे की मंत्री, एवढाच होता. प्राध्यापक आणि विद्यार्थी कोणाच्याच हिशेबात नव्हते.

करायचे काय, हे अवघड नाही. अधिसभेच्या आणि विद्वत परिषदेच्या कार्यक्रमपत्रिका आणि इतिवृत्ते बैठकीपूर्वी व बैठकीनंतर ठरावीक दिवसांत सर्वांना वाचता येतील अशी ठेवावीत. परीक्षा पद्धत, शुल्क, वसतिगृह यांत बदल करायचा तर मसुदा एक सत्र आधी जाहीर व्हावा. वसतिगृहाच्या मेसचे हिशेब विद्यार्थ्यांच्या निवडलेल्या समितीने पाहावेत, कारण सार्वजनिक पैसा मोजायला माणूस तिथेच शिकतो. आणि थेट निवडणुका घ्याव्यात. गुंडगिरीची भीती असेल तर त्यासाठी पोलीस आहेत, आचारसंहिता आहे, खर्चमर्यादा आहे. लोकसभेच्या निवडणुकीत खून झाले म्हणून कोणी लोकसभा बंद केली नाही. 2016 च्या कायद्यातले कलम 99 आजही तिथेच आहे. त्यासाठी नवे विधेयक लागत नाही, नवा आयोग लागत नाही. सरकारने आणि विद्यापीठांनी वेळापत्रक जाहीर करायचे आहे, आणि या वेळी ते पुढे ढकलायचे नाही.